गोष्ट ऐकणाऱ्याचीही असते : मापुचे लोकांच्या गोष्टी, त्यांचं नाटक आणि आपला वर्ग



आज एका दूरच्या खंडातल्या लोकांबद्दल लिहिणार आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मी तिसरी-चौथीच्या मुलांचं ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि स्पीकरवर ‘झिंगालाला’ छापाचं गाणं. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक पावरा मुलगा टेबलापाशी आला. एरवी फारसा बोलायचा नाही. म्हणाला, “बाई, आमच्याकडे असं नाय नाचत कोणी. होळीला ढोल असतो. सगळं गाव असतं.” एवढंच बोलला आणि जागेवर जाऊन बसला.

त्याच्या घरी ढोल होता, आजी होती, आजीच्या गोष्टी होत्या. मी महिनाभर नाच बसवत होते, पण त्याला एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी वाचू लागले, की आदिवासी समाजांच्या गोष्टी शाळेत आणि रंगमंचावर कशा आणाव्यात, ते समाज स्वतः काय करतात. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या मापुचे लोकांची ओळख झाली. शिक्षक म्हणून मला त्यातून खूप शिकायला मिळालं, म्हणून हा पाठ.

मापुचे म्हणजे कोण?

मुलांना आधी नकाशा दाखवा. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला चिली हा मिरचीसारखा लांबट देश आहे. त्याच्या पूर्वेला अँडीज पर्वत आणि पर्वतापलीकडे अर्जेंटिना. चिलीचा दक्षिण-मध्य भाग आणि त्याला लागून असलेला अर्जेंटिनाचा भाग ही मापुचे लोकांची भूमी.

त्यांच्या भाषेत ‘मापु’ म्हणजे जमीन आणि ‘चे’ म्हणजे माणसं. मापुचे म्हणजे जमिनीची माणसं. त्यांच्या भाषेचं नाव मापुदुंगुन, म्हणजे जमिनीचं बोलणं. चिलीच्या २०१७च्या जनगणनेत साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी स्वतःची नोंद मापुचे अशी केली. म्हणजे देशातल्या दर दहा माणसांमागे जवळजवळ एक.

स्पॅनिश सैन्याने दक्षिण अमेरिकेचा बराचसा भाग जिंकला, पण मापुचे लोकांनी त्यांना दाद दिली नाही. शेवटी १६४१मध्ये किलिन इथे तह झाला आणि बिओबिओ नदीच्या दक्षिणेचा प्रदेश मापुचेंचा, हे स्पेनला मान्य करावं लागलं. त्यांचा मुलूख गेला तो पुढे, स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या देशांच्या काळात. चिलीच्या सैन्याने १८६१ ते १८८३ या काळात तो व्यापला. अर्जेंटिनाने साधारण त्याच सुमारास, १८७८पासून, पर्वतापलीकडे मोहीम काढली. त्या मोहिमेला ‘वाळवंटाची मोहीम’ असं नाव दिलं. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, त्या जागेला वाळवंट म्हटलं की तिथे कोणी नव्हतंच असं वाटतं. मोठ्या मुलांशी या एका शब्दावर पाच मिनिटं जरूर बोला.

चिलीत मापुचे कुटुंबांना सुमारे ३००० छोट्या राखीव तुकड्यांवर बसवलं गेलं. सगळी मिळून जमीन उरली जेमतेम ५ लाख हेक्टर. एवढ्यावर पोट भरेना, म्हणून विसाव्या शतकात हजारो माणसं शहरांकडे गेली. बायका घरकामाला लागल्या, पुरुष पावाच्या भट्ट्यांवर. २०१७च्या जनगणनेनुसार चिलीतल्या मापुचेंपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक राजधानी सान्तियागोच्या परिसरात राहत होते.

हा इतिहास आधी सांगायचं कारण असं, की पुढे ज्या गोष्टी आणि नाटकं येणार आहेत, ती या सगळ्यातून वाचलेली आहेत.

गोष्टीचे किती प्रकार!

आपण ‘गोष्ट’ म्हटलं की राजा-राणीपासून आजोबांच्या आठवणींपर्यंत सगळं त्यात येतं. मापुचे लोक वेगवेगळी नावं वापरतात.

‘एपेव’ म्हणजे कल्पित गोष्ट. यात प्राणी बोलतात. कोल्हा हा फार आवडता. तो नावेलला, म्हणजे वाघासारख्या मोठ्या जनावराला, वडीलधारं नातं लावून हाक मारतो आणि फसवायला बघतो. आपल्याकडच्या कोल्ह्याचा हा सख्खा भाऊच वाटतो.

‘न्युत्राम’ म्हणजे खरं घडलेलं सांगणं. आजोबा कुठून आले, जमीन कशी गेली, भूकंपात काय झालं, हे सगळं न्युत्राममध्ये. या शब्दाचा दुसरा अर्थ आहे संभाषण. म्हणजे इतिहास सांगणं हे त्यांच्या लेखी भाषण नाही, बोलणं आहे. एक सांगतो, दुसरा मध्ये विचारतो, तिसरा ‘फेलेय’ म्हणजे ‘असंच आहे’ असा दुजोरा देतो. समोर ऐकणारं कोणी नसेल तर न्युत्राम होणारच नाही.

‘कोनेव’ म्हणजे कोडी. ‘न्गुलाम’ म्हणजे वडीलधाऱ्यांनी दिलेला उपदेश. ‘उल’ म्हणजे गाणं. त्यात स्वतःच्या आयुष्यातलं सुखदुःखही गातात.

याशिवाय समाजात बोलण्याशी जोडलेल्या जबाबदाऱ्या असतात. ‘वेउपिफे’ म्हणजे समाजाचा इतिहास सभेत मांडणारा वक्ता. ‘वेरकेन’ म्हणजे निरोप्या. लिखित चिठ्ठी नाही, त्यामुळे निरोप जसाच्या तसा पोचवायचा तर स्मरणशक्ती पक्की हवी. आपण पाठांतराला कंटाळवाणं समजतो, पण तिथे एखाद्याच्या पाठांतरावर दोन गावांचं नातं अवलंबून असायचं.

आता भाषेच्या शिक्षकांसाठी एक गंमत. मापुदुंगुनमध्ये गोष्ट सांगताना ‘पियाम’ हा शब्द येतो. अर्थ काय? ‘असं म्हणतात’. आपला ‘म्हणे’ आठवा. ‘एक कोल्हा होता म्हणे.’ या एका शब्दाने सांगणारा कबूल करतो, की हे मी पाहिलेलं नाही, माझ्यापर्यंत कोणीतरी पोचवलं आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं यातला फरक मुलांना शिकवायला आपण मोठमोठे धडे काढतो. आजीच्या ‘म्हणे’मध्ये तो आधीपासून आहे.

ह्या गोष्टी सांगायची जागा म्हणजे ‘रुका’, त्यांचं पारंपरिक गवती छपराचं घर. दार पूर्वेला, मधोमध पेटती चूल. हिवाळ्याच्या लांब रात्री चुलीभोवती घर जमायचं. कवी एलिकुरा चिहुआइलाफ यांनी लहानपणी आजीआजोबांच्या घरी असंच शेकोटीपाशी बसून ऐकलं. ते आपल्या लेखनाला ‘ओरालितुरा’ म्हणतात. बोललेलं आणि लिहिलेलं यांच्या मधलं काहीतरी, असा त्याचा अर्थ. २०२०मध्ये त्यांना चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले मापुचे लेखक.

काय-काय आणि त्रेन-त्रेन

आता वर्गात सांगण्यासाठी एक गोष्ट. नाव ऐकून मुलं हसतील. हसू द्या, लक्षात चांगलं राहतं.

फार फार पूर्वी समुद्रात एक प्रचंड सर्प राहायचा, म्हणे. त्याचं नाव काय-काय. जमिनीवर दुसरा सर्प होता, त्याचं नाव त्रेन-त्रेन. काय-काय पाण्याचा, त्रेन-त्रेन मातीचा. एके दिवशी काय-काय खवळला. त्याने शेपटी आपटली आणि समुद्र जमिनीवर चढू लागला. शेतं बुडाली, घरं बुडाली. माणसं ओरडत डोंगराकडे धावली. त्रेन-त्रेनने ते पाहिलं आणि पाठ उंचावली. डोंगर वर सरकला. काय-कायने पाणी आणखी चढवलं. त्रेन-त्रेनने डोंगर आणखी वर उचलला. दोघांची अशी चढाओढ चालली. जी माणसं वर पोचली नाहीत, त्यांचे मासे झाले, खडक झाले. डोंगर सूर्याच्या इतका जवळ गेला, की वरच्या माणसांना डोक्यावर लाकडी भांडी धरून ऊन अडवावं लागलं. अखेर काय-काय थकला आणि पाणी ओसरलं. जी थोडी माणसं उरली, ती खाली उतरली. माप��चे म्हणजे त्यांचीच लेकरं, म्हणे.

ही गोष्ट वेगवेगळ्या गावांत थोडी वेगवेगळी सांगतात. सतराव्या शतकातल्या स्पॅनिश पाद्र्यांनीही ती लिहून ठेवली आहे.

आता मुलांना विचारा : ही गोष्ट खोटी आहे का?

उत्तर द्यायची घाई करू नका. नंतर सांगा, की चिली हा जगातल्या सर्वात जास्त भूकंप होणाऱ्या देशांपैकी एक आहे. २२ मे १९६० रोजी दक्षिण चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेला तो आजवरचा जगातला सर्वात मोठा भूकंप. त्यानंतर समुद्र आधी मागे गेला आणि मग किनाऱ्यावर चालून आला. अशा वेळी काय करायचं असतं? जमीन जोरात हलली तर कोणाची वाट न बघता उंचावर जायचं. आज त्सुनामीच्या सरावात हेच शिकवतात. दक्षिण चिलीत अनेक टेकड्यांना आजही त्रेन-त्रेन हे नाव आहे. म्हणजे गोष्ट ऐकलेल्या मुलाला पळायचं कुठे हेही ठाऊक असतं.

एपेव मनोरंजनासाठी असते, हे खरंच. पण तिच्या पोटात समाजाचं शहाणपण बांधून ठेवलेलं असतं, शिदोरीसारखं.

साखळी कुठे तुटली?

इथे आपल्याला, शिक्षकांना, जरा अवघड वाटेल असा भाग येतो.

माणसं शहरात गेली, रुका सुटली, चूल सुटली, हे एक कारण झालं. पण मापुचे आजीआजोबा स्वतःच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यात वारंवार शाळा येते. शाळेत मापुदुंगुन बोललं की शिक्षा व्हायची, हसं व्हायचं. त्या मुलांनी मोठेपणी ठरवलं, की आपल्या लेकरांच्या वाट्याला हे नको. मग त्यांनी घरात स्पॅनिशच बोलायला सुरुवात केली. त्यात प्रेमच होतं. पण त्या प्रेमापोटी आजी आणि नात यांच्यामधली भाषा गेली, आणि भाषेबरोबर गोष्टी गेल्या.

हे होणार याची चाहूल फार आधी लागली होती. पास्कुआल कोन्या नावाचे एक मापुचे लोंको, म्हणजे समाजप्रमुख होते. म्हातारपणी, १९२०च्या दशकात, त्यांनी आपलं सगळं आयुष्य मापुदुंगुनमध्ये एका जर्मन मिशनरी पाद्र्याला सांगितलं. शेती, लग्नं, खेळ, लढाया, सगळं. नवी पिढी बदलते आहे, काही वर्षांनी तिला स्वतःची भाषाही बोलता येणार नाही, ही काळजी त्यांनी त्यात बोलून दाखवली. १९२७मध्ये ते वारले. १९३०मध्ये पुस्तक छापून आलं, तेव्हा लेखक म्हणून नाव होतं पाद्र्याचं, एर्नेस्तो विल्हेल्म दे मोएसबाख यांचं. पुढच्या काळातल्या आवृत्त्यांमध्ये मात्र पास्कुआल कोन्या यांचं नाव लेखक म्हणून आलं.

पाद्री वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर ते बोलणं हरवलंच असतं. पण ज्याची गोष्ट, त्याचं नाव कुठे, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपण लोककथा मुलांकडून गोळा करून घेतो, हस्तलिखित काढतो, वर ‘संकलन : इयत्ता पाचवी’ लिहितो. ज्या आजीने ती सांगितली तिचं नाव लिहितो का?

आजी रंगमंचावर येते

आता नाटकाकडे येऊ.

मापुचे लोकांच्या विधींमध्ये सादरीकरण पूर्वीपासून आहे. ‘न्गिलातुन’ या सामूहिक प्रार्थनेच्या समारंभात ‘चोइके पुरुन’ नावाचा नाच असतो. चोइके हा शहामृगासारखा पक्षी, नाचणारे त्याच्यासारखी मान हलवतात, पावलं टाकतात. ‘कोल्योन’ हा लाकडी मुखवटा घातलेला माणूस लोकांना हसवतो आणि शिस्तही ठेवतो. ‘माची’, म्हणजे वैदू आणि पुजारी, बहुधा बाई असते. ती ‘कुल्त्रुन’ हा ढोल वाजवत गाते. बाहेरच्या माणसाला हे नाटकच वाटेल. पण माप��चेंसाठी ते नाटक नाही. तिथे कोणी प्रेक्षक नसतो, सगळे सहभागी असतात. म्हणूनच अनेक ठिकाणी फोटो काढायला परवानगी नसते. समारंभ हा समारंभ आणि नाटक हे नाटक, हा फरक माप��चे कलावंतही जपतात.

मग त्यांनी नाटक कशासाठी केलं? तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करण्यासाठी.

सान्तियागोमध्ये २००८ साली दिग्दर्शिका पाउला गोन्सालेस सेगेल यांनी ‘किमुन तेआत्रो’ ही नाट्यसंस्था सुरू केली. ‘किमुन’ म्हणजे ज्ञान. त्यांचं पहिलं नाटक ‘न्यी पु त्रेमेन’, अर्थ ‘माझे पूर्वज’. यात रंगमंचावर कोण होतं? नट्या नव्हेत. शहरात राहणाऱ्या माप���चे आज्या, बायका आणि मुली. गाव कसं सुटलं, शहरात काय सोसलं, आई काय सांगायची, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. थोडं मापुदुंगुनमध्ये, थोडं स्पॅनिशमध्ये.

यात काय घडलं ते पाहा. जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी काम करताना गप्प राहिली, ती बोलते आहे आणि शहर ऐकतं आहे. तिच्याच बाजूला एक लहान मुलगी उभी राहून तेच ऐकते आहे. म्हणजे ते नाटक होतं, आणि न्युत्रामही होतं.

याच संस्थेचं २०१६चं नाटक ‘न्युके’, म्हणजे आई. जमिनीच्या संघर्षात सापडलेल्या घरातली ही आई. हा प्रयोग त्यांनी नेहमीच्या रंगमंचावर केला नाही. रुका उभारली आणि प्रेक्षकांना आत बसवलं. घरात बसलेला माणूस प्रेक्षक राहत नाही, पाहुणा होतो. आणि पाहुण्याला घरातलं दुःख ऐकून तसंच उठून जाता येत नाही.

पर्वतापलीकडे, अर्जेंटिनातल्या बारिलोचे शहरात, मिरियाम आल्वारेस या माप���चे लेखिका-दिग्दर्शिकेने ‘एल कातांगो’ हा गट उभा केला. साधारण २००० नंतर तिथल्या तरुणांनी एक मोहीम सुरू केली होती, तिच्या नावाचा अर्थ ‘आम्ही पुन्हा वर येत आहोत’. हा गट त्याच मोहिमेतला. शहरात वाढलेल्या, भाषा न येणाऱ्या, आडनावाने फक्त माप���चे राहिलेल्या तरुणांपर्यंत पोचायचं होतं. त्यांनी पहिल्यांदा कोणती गोष्ट घेतली असेल? काय-काय आणि त्रेन-त्रेनचीच. नंतरचं त्यांचं ‘पेउमा’ हे नाटक. पेउमा म्हणजे स्वप्न. माप���चे घरांत सकाळी उठल्यावर एकमेकांना स्वप्नं सांगायची पद्धत आहे. त्या वाटेने हे नाटक ‘वाळवंटाच्या मोहिमे’च्या जखमांपर्यंत जातं. ज्या गोष्टी घरात सरळ बोलता येत नव्हत्या, त्या स्वप्नातून बोलल्या गेल्या.

आणि शाळा?

ज्या शाळेने भाषा थांबवली, तीच शाळा आता काय करते आहे, हे शिक्षक म्हणून आपल्याला जाणून घ्यायला हवं.

चिलीत १९९३मध्ये आदिवासींसाठी कायदा झाला. त्यात त्यांच्या भाषा आणि द्विभाषिक शिक्षण यांना मान्यता मिळाली. साधारण २०१०पासून, जिथे आदिवासी मुलांचं प्रमाण पुरेसं आहे अशा शाळांमध्ये त्यांची भाषा हा विषय सुरू झाला. तो शिकवायला वर्गशिक्षकाबरोबर समाजातला एक जाणकार माणूस येतो. त्याला ‘पारंपरिक शिक्षक’ म्हणतात. पदवी नसली तरी चालते, पण समाजाने त्याला मान्यता दिलेली असावी लागते. मापुदुंगुनमध्ये शिक्षकाला ‘किमेल्फे’ म्हणतात. किमुन म्हणजे ज्ञान, हे वर आलंच आहे. शहाण्या माणसाला ‘किमचे’ म्हणतात. सगळे शब्द एकाच मुळातले.

आठवड्यातल्या काही तासांनी भाषा परत येत नाही, हे तिथले लोकही सांगतात. पण मुलाला एक गोष्ट कळते : माझ्या आजीला जे येतं, ते शाळेत बसण्याच्या लायकीचं आहे.

४ जुलै २०२१ रोजी चिलीच्या संविधान परिषदेच्या अध्यक्षपदी एलिसा लोंकोन निवडून आल्या. त्या माप���चे, भाषातज्ज्ञ आणि शिक्षिका. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी देशाला पहिला नमस्कार मापुदुंगुनमध्ये केला. ते संविधान पुढे २०२२च्या सार्वमतात नामंजूर झालं, हेही मुलांना सांगा. पण ज्या भाषेसाठी मुलांना शिक्षा व्हायची, ती त्या दिवशी सगळ्या देशाने ऐकली.

आपल्या वर्गात काय करता येईल?

मी करून पाहिलेलं सांगते. चौथी ते आठवीपर्यंत चालतं.

१. गोल बसा. बाक बाजूला सारा. काय-काय आणि त्रेन-त्रेनची गोष्ट पुस्तकातून वाचू नका, सांगा. प्रत्येक चार-पाच वाक्यांनी ‘म्हणे’ आला की मुलांनी हुंकार द्यायचा. ऐकणं हेही काम आहे, हे असं आपोआप कळतं.

२. निरोप्याचा खेळ. एका मुलाला चार वाक्यांचा निरोप द्या. तो शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना तोंडी सांगून उत्तर घेऊन येईल. काय बदललं ते मग फळ्यावर लिहा. यातून स्मरणावर आणि प्रामाणिकपणावर छान चर्चा होते.

३. घरचा न्युत्राम. मुलांनी घरातल्या मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा : “तुम्ही लहान असताना कोण गोष्टी सांगायचं?” उत्तर ज्या भाषेत येईल त्याच भाषेत ऐकायचं. अहिराणी, पावरी, कोकणी, हिंदी, काहीही. दुसऱ्या दिवशी सांगताना आधी नाव घ्यायचं : “ही गोष्ट मला अमुक आजीने सांगितली.”

४. परवानगी. सांगणाऱ्याने ‘ही घरातच ठेव’ म्हटलं तर ती वर्गात येणार नाही. हा नियम आधीच करा. माझ्या वर्गात एका मुलीची आजी काही सांगायला तयार झाली नाही. मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, “आजीने नाही म्हटलं हे तू नीट ऐकलंस ना? मग तुझा अभ्यास झाला.”

५. शेवटी नाट्यीकरण. पोशाख नाही, तोंड रंगवणं नाही. आवाज, हात आणि एखादी चादर पुरते. पाण्याची मुलं एकीकडे, डोंगराची मुलं दुसरीकडे. माप���चे लोकांसारखं दिसायचा प्रयत्न करायचा नाही, त्यांची गोष्ट नीट सांगायचा करायचा. सुरुवातीला एका मुलाने सांगावं, की ही गोष्ट कुठल्या लोकांची आहे.

मोठ्या मुलांसाठी दोन प्रश्न देते :
– पास्कुआल कोन्या यांच्या पुस्तकावर लेखक म्हणून कोणाचं नाव असावं? का?
– नाटक आणि समारंभ यांत फरक काय? गणपतीची आरती रंगमंचावर ‘सादर’ केली तर तुम्हाला कसं वाटेल?

पालकांना एकच विनंती. मुलं प्रश्न घेऊन घरी आली की “आता वेळ नाही” म्हणू नका, आणि “आपल्या भाषेचं शाळेत काय काम” असंही म्हणू नका. पाच मिनिटं बसा. जे आठवतं ते सांगा. अर्धवट आठवलं तरी चालेल.

आणि तो मुलगा? त्या वर्षी होळीच्या आधी मी त्याला विचारलं, ढोल कसा असतो रे? त्याने हातवारे करून सांगितलं, मग म्हणाला, “आजोबांना विचारा, त्यांना जास्त ठावं.” आजोबा शाळेत आले. नाच बसवायला नव्हे, गोष्ट सांगायला. पावरीत बोलले. मला निम्मंही कळलं नाही. नातू शेजारी उभा राहून वर्गाला मराठीत समजावत होता, आणि वर्षभरात मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मापुदुंगुनमध्ये आभार मानताना ‘चाल्तु माय’ म्हणतात. त्या दिवशी मला तो शब्द माहीत नव्हता. आज म्हणते. चाल्तु माय, बाबा.